वाचकांचे प्रश्न : रॉकेट इंजिनाची चाचणी, मोजमाप आणि नियंत्रण

रॉकेट इंजिनांच्या जमिनीवरील चाचणीविषयी बेळगाव, खानापूर, चिकोडी, संकेश्वर आणि निपाणी परिसरातून आलेली पत्रे या अंकात एकत्र घेतली आहेत. बहुतेकांचा रोख इंजिनापेक्षा ते ज्या चौकटीत बांधून पेटवायचे तिच्याकडे, तिच्यावरच्या सेन्सरांकडे आणि व्हॉल्व्हची उघडझाप करणाऱ्या यंत्रणेकडे आहे, आणि तो तसाच असायला हवा. पत्रे संक्षेपाने छापली असून लेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी बेळगावच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या गटाने हायब्रिड इंजिनासाठी (घन इंधन, आणि ते जाळायला ऑक्सिजन पुरवणारे द्रव्य वेगळ्या टाकीत) टेस्ट स्टँड, म्हणजे चाचणीची चौकट, बांधला आहे. पेटवण्याआधीची तालीम म्हणून आम्ही नोझलमधून नायट्रोजनचा झोत सोडून रेटा मोजला. त्यासाठी १०० किलोचा एस-आकाराचा लोडसेल (भार मोजणारा सेन्सर) आणि त्याचा संकेत आकड्यांत बदलणारा एचएक्स-७११ चा तयार बोर्ड वापरला. आलेख सपाट येण्याऐवजी करवतीच्या दातांसारखा आला. लोडसेल खराब आहे, की इंजिन पेटल्यावर हे आपोआप सुरळीत होईल? — विद्यार्थिनी, टिळकवाडी

उत्तर : लोडसेल बहुधा निर्दोष आहे, आणि इंजिन पेटल्यावर आलेख सुधारण्याऐवजी अधिकच बिघडेल, त्यामुळे हा प्रश्न निव्वळ नायट्रोजनवर असतानाच पडला हे बरे झाले.

लोडसेलमध्ये चार स्ट्रेन गेज (ताण पडला की विद्युतरोध बदलणाऱ्या पट्ट्या) व्हीटस्टन सेतूच्या रचनेत जोडलेले असतात, आणि पूर्ण भाराला असा लोडसेल दर व्होल्टमागे साधारण २ मिलिव्होल्ट देतो. सेतूला ५ व्होल्ट पुरवले तर १०० किलोला अवघे १० मिलिव्होल्ट हाती येतात, म्हणजे किलोमागे एक दशांश मिलिव्होल्ट. इतक्या क्षीण संकेतात नमुने घेण्याचा अपुरा वेग, चौकटीची स्वतःची थरथर आणि तारांतून शिरणारा विजेचा गोंगाट ही तिन्ही विघ्ने एकमेकांत मिसळून दिसतात, आणि एकावरचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नसल्याने ती आधी वेगळी करावी लागतात.

पहिली शंका तुमच्या बोर्डाची. एचएक्स-७११ ही चिप वजनकाट्यांसाठी बनवलेली आहे. ती सेकंदाला १० किंवा ८० नमुने देते, आणि बाजारातल्या बऱ्याच तयार बोर्डांवर वेग ठरवणारी पिन ग्राउंडला जोडलेली असल्याने ती मुकाट्याने १० वरच चालते. इंजिन पेटते तेव्हा रेटा काही दशक मिलिसेकंदांतच शिखर गाठू शकतो. दर १०० मिलिसेकंदांनी एकदा पाहणाऱ्या बोर्डाला ते शिखर कधी सापडेल, कधी निसटेल, आणि दोन चाचण्यांतला फरक इंजिनाचा की नशिबाचा हे तुम्हाला सांगता येणार नाही. चिपवरच्या २४ बिटांच्या आकड्याला भुलू नका. सेकंदाला किमान १००० नमुने घेणारा १६ बिटांचा कन्व्हर्टर (संकेत आकड्यांत बदलणारा) आणि त्याच्या आधी क्षीण संकेत मोठा करणारा बरा इन्स्ट्रुमेंटेशन ॲम्प्लिफायर एवढी जोडी या कामाला कितीतरी अधिक उपयोगी पडते.

दुसरी शंका चौकटीची, आणि माझा कल तिच्याकडे आहे. लोडसेल ही अखेर एक ताठ स्प्रिंगच असते. १००० न्यूटनला ०.३ मिलिमीटर दबणाऱ्या लोडसेलवर ५ किलोचे इंजिन टेकवले, तर ती जोडी सेकंदाला सुमारे १३० वेळा कंप पावू शकते. खालची चौकट पातळ अँगलची असेल, बोल्ट ढिले असतील किंवा ती फरशीवर नुसतीच ठेवलेली असेल, तर हा आकडा पुष्कळ खाली उतरतो. व्हॉल्व्ह झटक्यात उघडला की ही सगळी रचना झणझणत राहते आणि तुम्ही नोंदवता तो रेटा नसून चौकटीचे कंपन असते. खातरजमा सोपी आहे. मेकॅनिकल विभागाच्या कंपनांच्या प्रयोगशाळेतला ॲक्सेलरोमीटर मागून घ्या, तो इंजिनाच्या बुडाशी मेणाने चिकटवा, झोत बंद असताना लाकडी हातोड्याने इंजिनाच्या अक्षाच्या दिशेने एक टोला द्या आणि उमटलेल्या लाटा मोजा. वेगवान कन्व्हर्टरवर घेतलेल्या झोताच्या नोंदीतही तितक्याच वारंवारितेच्या लाटा दिसल्या, तर दोष चौकटीचा. मग चौकट काँक्रीटला बोल्टने जखडा आणि लोडसेलवर हलणारे वजन कमी करा. संगणकावर आलेख गुळगुळीत करून समाधान मानू नका, कारण त्या गुळगुळीतपणात खरे शिखरही वाहून जाते.

लाटा नेमक्या ५० हर्ट्झच्या, म्हणजे वीजपुरवठ्याच्याच वारंवारितेच्या, निघाल्या तर मात्र तारा तपासाव्या लागतील. शेजारी वेल्डिंग किंवा थ्री-फेज मोटर चालू असेल तिथे लोडसेलची केबल पिळाची आणि जाळीच्या कवचाची हवी, कवच एकाच टोकाला ग्राउंड केलेले हवे, आणि ती सोलेनॉइडच्या (विजेवर व्हॉल्व्ह चालवणाऱ्या कॉइलच्या) तारांबरोबर एकाच पाइपातून नेता कामा नये.

हे सगळे निस्तरल्यावरही थरथर उरली तर चेंबरच्या, म्हणजे इंजिनातील ज्वलनकक्षाच्या, दाबाची नोंद शेजारी ठेवून पाहा. रेटा आणि दाब या दोन स्वतंत्र मोजमापांत एकाच क्षणी एकच लाट दिसली, तरच ती इंजिनाची किंवा इंधनपुरवठ्याची म्हणता येते. दाबाचा सेन्सर लांब नळीच्या टोकाला बसवला असेल तर ती नळीही बासरीसारखी स्वतःचा सूर लावते : अर्ध्या मीटरच्या, हवेने भरलेल्या आणि एका टोकाला बंद असलेल्या नळीचा हा सूर सुमारे १७० हर्ट्झचा पडतो. नळी शक्य तितकी आखूड ठेवा.

पत्रात न विचारलेली एक गोष्ट सांगतो, कारण ती पुष्कळ गटांच्या ध्यानात येत नाही. ऑक्सिडायझरच्या (इंधन जाळायला ऑक्सिजन पुरवणाऱ्या द्रव्याच्या) नळीत ५०-६० बारचा दाब भरला की ती ताठ होते आणि इंजिनाला ढकलते किंवा ओढते; हा ढकला लोडसेल इमानदारीने रेट्यात धरतो. म्हणून कॅलिब्रेशन (ज्ञात वजनांशी मोजमाप पडताळणे) टेबलावर सुट्या लोडसेलचे न करता स्टँडवर, सगळ्या नळ्या जोडून, त्यांत दाब भरून आणि नोझलकडचा व्हॉल्व्ह बंद ठेवून करावे. कप्पीवरून वजने आधी चढत्या क्रमाने टांगावी आणि मग उतरत्या क्रमाने काढावी. दोन्ही वेळच्या रेषा जुळल्या नाहीत तर कुठेतरी घर्षण आहे. उसाच्या वजनकाट्यांची दुरुस्ती करणाऱ्यांकडे शिक्क्याची प्रमाणित वजने असतात. ती मागायला संकोच करू नका.

प्रश्न : मी साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंट विभागात काम करतो. माझी भाची एका रॉकेट गटात आहे आणि ‘मामा, तुम्ही पीएलसी (यंत्रांचा क्रम चालवणारा औद्योगिक नियंत्रक) बसवून द्या’ म्हणून मागे लागली आहे. बॉयलरचे इंटरलॉक (अट पुरी झाल्याशिवाय पुढचे पाऊल पडू न देणे), पर्ज (आत साचलेला वायू हाकलणे), ट्रिप (धोका दिसताच आपोआप बंद होणे) हे माझे रोजचे काम. तेच ज्ञान इथे चालेल का? — संकेश्वर

उत्तर : चालेलच, आणि भाचीच्या गटाला प्रोग्रॅम लिहिणाऱ्यापेक्षा तुमच्यासारख्या माणसाची गरज अधिक आहे. पेटवण्याआधी भट्टीतली इंधनाची न जळलेली वाफ हाकलून लावायची, ज्योत खरोखर लागल्याची खूण मिळाल्याखेरीज इंधन वाढवायचे नाही, आणि वीज गेली तर यंत्रणेने आपोआप निरुपद्रवी स्थितीत यायचे, ही बॉयलरची शिस्त रॉकेट इंजिनाला जशीच्या तशी लागू पडते.

सेन्सरांसाठी ४-२० मिलिअँपिअरच्या संकेताचाच (४ म्हणजे शून्य दाब, २० म्हणजे कमाल) आग्रह धरा. १०० बारच्या ट्रान्समीटरकडून १२ मिलिअँपिअर आले तर दाब ५० बार, आणि शून्य आले तर तार तुटली, हे तुम्हाला शिकवावे लागणार नाही. विद्यार्थी बहुधा शून्यापासून ५ व्होल्ट देणारे स्वस्त सेन्सर घेतात. त्यांत तार निघाली की पडद्यावर ‘दाब शून्य’ दिसू शकतो, आणि तो आकडा पाहून कोणीतरी भरलेल्या टाकीजवळ निर्धास्त चालत जातो.

व्हॉल्व्ह निवडताना प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा : या क्षणी वीज आणि हवा दोन्ही गेली तर तू कुठे जाशील? इंधनाचा आणि ऑक्सिडायझरचा मुख्य व्हॉल्व्ह स्प्रिंगने बंद व्हायला हवा, टाकीचा दाब सोडणारा व्हेंट व्हॉल्व्ह उघडायला हवा. बंद होण्याचा हुकूम गेला म्हणजे व्हॉल्व्ह बंद झाला असे धरू नये. लिमिट स्विच बसवून त्याची पोच घ्यावी. आणखी एक बारकावा : साधा बॉल व्हॉल्व्ह बंद झाला की त्याच्या गोळ्याच्या पोकळीत द्रव कोंडून राहतो, आणि तो द्रव ऑक्सिजन किंवा नायट्रस ऑक्साइड असेल तर तापून त्याचा दाब धोक्याच्या पातळीवर जातो. म्हणून अशा कामाच्या बॉल व्हॉल्व्हला पोकळीतून दाब सुटण्यासाठी छिद्र ठेवलेले असते. पाण्याच्या लाइनवरचा व्हॉल्व्ह काढून इथे बसवू देऊ नका.

मोठा फरक वेळेचा आहे. ड्रमची पातळी खाली गेली तर तुमच्या बॉयलरला काही सेकंदांची सवड मिळते. इथे सेकंदाला अर्धा किलो इंधन वाहत असताना ज्योत लागायला ०.२ सेकंद उशीर झाला, तर चेंबरमध्ये १०० ग्रॅम न जळलेले इंधन साचते आणि मग ते एकदम पेटते. लहान इंजिने फुटण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे. त्यामुळे इग्नायटर पेटल्याची खूण मिळाल्यावरच मुख्य व्हॉल्व्ह उघडावेत, आणि ठरलेल्या मुदतीत चेंबरचा दाब चढला नाही तर सगळे बंद करून नायट्रोजनने पर्ज करावा. दाबाची कमाल मर्यादा एकाच नमुन्यावर लावू नका, नाहीतर एखाद्या ठिणगीच्या गोंगाटानेही चाचणी थांबेल. लागोपाठ तीन नमुने मर्यादेबाहेर गेले तर, किंवा तीन सेन्सरांपैकी दोघांनी तेच सांगितले तर थांबवा.

पीएलसीचा स्कॅन (प्रोग्रॅमची एक फेरी) साधारण १० मिलिसेकंदांचा असला तरी त्याची ॲनालॉग कार्डे बहुधा त्याहून संथ असतात. म्हणून क्रम आणि इंटरलॉक पीएलसीकडे ठेवा व वेगवान नोंदीसाठी वेगळे यंत्र वापरा. सोलेनॉइडच्या प्रत्येक डीसी कॉइलला, ती बंद होताना उठणारा विजेचा झटका जिरवणारा, उलटा डायोड असल्याची खात्री करा. व्हॉल्व्ह बंद होताच बोर्ड ‘आपोआप रीसेट होतो’ अशी तक्रार भाचीकडून ऐकू आली तर बहुतेक वेळा तो डायोडच नसतो. आणि लाल बटण प्रोग्रॅममधून नेऊ नका. ते दाबले की कॉइलचा वीजपुरवठा तारेनेच तुटला पाहिजे, पीएलसी जिवंत असो वा नसो.

प्रश्न : माझा मुलगा दुसऱ्या वर्षाला आहे. तो आणि त्याचे मित्र गावाबाहेरच्या तंबाखूच्या जुन्या वखारीत रॉकेटचे इंधन स्वतः बनवून पाहणार आहेत. ‘फक्त जमिनीवर बांधून पेटवायचे, उडवायचे नाही’ असे तो म्हणतो. परवानगी लागते का? — एक पालक, निपाणी

उत्तर : त्यांना आजच थांबवा. इंधन आणि ऑक्सिडायझर यांचे प्रणोदक मिश्रण तयार करणे, बाळगणे आणि नेणे या गोष्टी १८८४ चा स्फोटक पदार्थ कायदा आणि २००८ चे नियम यांच्या कक्षेत येतात, रॉकेट उडो वा न उडो. परवान्याचे काम पाहणाऱ्या पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपूरला आहे. दाबाखालच्या वायूंच्या सिलिंडरांसाठी २०१६ चे वेगळे नियम आहेत. ही कामे महाविद्यालयाने संस्था म्हणून, जबाबदार प्राध्यापकाच्या सहीने करायची असतात. वखार ही त्यांची जागा नव्हे.

‘पेटवणारच नाही, नुसता प्रवाह तपासणार’ असेही तो उद्या म्हणेल, म्हणून हे सांगतो. २६ जुलै २००७ रोजी अमेरिकेतील मोहावी येथे स्केल्ड कॉम्पोझिट्स या कंपनीत नायट्रस ऑक्साइडच्या प्रवाहाची चाचणी चालू असताना स्फोट होऊन तीन जण मृत्युमुखी पडले. त्या चाचणीत इंजिन पेटवायचे नव्हते आणि माणसे अनुभवी होती. नायट्रस हे विद्यार्थी-गटांचे आवडते रसायन आहे, कारण ते स्वतःच्या दाबावर टाकीतून बाहेर येते. पण २० अंशांना सुमारे ५० बार असलेला त्याचा दाब तापमानाबरोबर भराभर चढतो, आणि ३६ अंशांच्या थोडे वर तर द्रव आणि वायू हा भेदच उरत नाही. आपल्याकडे एप्रिलच्या दुपारी उन्हात ठेवलेला सिलिंडर ही रेषा सहज ओलांडतो.

मुलाची आवड मोडू नका. माणसे किती अंतरावर उभी राहणार, मध्ये आडोसा कशाचा, चाचणी थांबवण्याचा अधिकार कोणाला आणि दाब शून्य झाल्याशिवाय जवळ जायचे नाही हे कोण पाहणार, एवढे त्याला विचारा. उत्तरे लेखी आणि प्राध्यापकाच्या सहीची हवीत.

प्रश्न : आमच्या शाळेतील मुलांनी विचारले की, १२ ऑगस्ट २०२१ रोजी इस्रोचे जीएसएलव्ही-एफ१० हे उड्डाण फसले तेव्हा रॉकेट तर हाती राहिले नाही, मग कारण कसे कळले? — विज्ञान शिक्षक, खानापूर

उत्तर : उड्डाणात सतत जमिनीकडे येणाऱ्या मोजमापांवरून. वरच्या क्रायोजेनिक (अतिथंड द्रव इंधनाच्या) टप्प्यातील द्रव हायड्रोजनच्या टाकीत उड्डाणादरम्यान जेवढा दाब वाढायला हवा होता तेवढा वाढला नाही, असे नोंदींत दिसले. इंजिन पेटण्याच्या क्षणी दाब कमी पडल्याने टाकीतील बूस्टर पंप नीट चालला नाही आणि मोहीम सोडून द्यावी लागली. गळतीचे मूळ टाकीचा जादा दाब सोडणाऱ्या व्हेंट अँड रिलीफ व्हॉल्व्हमध्ये असल्याचे चौकशी समितीने सांगितले. त्याच्या मऊ सीलला इजा झाली असावी असा तिचा निष्कर्ष होता. हा निष्कर्ष केवळ नोंदींवर न सोडता तशीच परिस्थिती जमिनीवर निर्माण करून पडताळला गेला.

मुलांना सांगायला एक आकडा देतो. १३ मे २०२२ रोजी श्रीहरिकोटा येथे गगनयानासाठीच्या एचएस२०० या घन इंधनाच्या बूस्टरची जमिनीवर चाचणी झाली, तेव्हा १३५ सेकंदांच्या ज्वलनात सुमारे ७०० मोजमापे घेतली गेली. द्रव इंधनाची ‘विकास’ नावाची इंजिने आणि क्रायोजेनिक इंजिने तपासली जातात ती तमिळनाडूतील महेंद्रगिरीला. १२ जानेवारी २०२२ रोजी तिथे क्रायोजेनिक इंजिन सलग ७२० सेकंद चालवले गेले. द्रव हायड्रोजन उणे २५३ अंशांवर असतो, आणि शेजारच्या चेंबरमध्ये तापमान हजारो अंशांचे. एकाच स्टँडवरचे सेन्सर इतक्या टोकांवर काम करतात.

प्रश्न : स्टँड आणि संगणक यांच्यामध्ये तार ओढण्याऐवजी वाय-फाय वापरले तर चालेल का? — डिप्लोमा विद्यार्थी, मच्छे

उत्तर : आलेख पाहायला चालेल, व्हॉल्व्ह चालवायला नाही. पेटवण्याचा संपूर्ण क्रम स्टँडजवळच्या नियंत्रकातच साठवा. दुरून फक्त ‘सुरू’ आणि ‘थांब’ जावे, तेही तारेने. संपर्क तुटला तर स्टँडने आपणहून थांबावे.

प्रश्न : आमच्याकडे परवाना नाही, पैसेही बेताचे आहेत आणि गटात बहुतेक जण इन्स्ट्रुमेंटेशनचे आहेत. इंजिन न पेटवता करण्याजोगे खरे काम उरते का? — विद्यार्थी, चिकोडी

उत्तर : कामाचा मोठा भाग तोच आहे, आणि त्यासाठी पाणी पुरते. बेळगावच्या उद्यमबागेत हायड्रॉलिक सिलिंडर आणि व्हॉल्व्ह बनवणारे कारखाने आहेत. दाबाचे पंप, ट्रान्समीटर, फिटिंग आणि हायड्रोटेस्ट ही त्यांची रोजची बाब आहे. टाकी आणि नळ्या कामाच्या दाबाच्या दीडपट दाबाला पाण्याने तपासायच्या, हवेने कदापि नाही; याचे कारण विचारले तर तिथला कोणताही फोरमन सांगेल : पाणी दबत नाही, त्यामुळे काही फुटले तरी त्यात साठलेली ऊर्जा थोडी असते.

इंजेक्टरपासून, म्हणजे चेंबरमध्ये द्रव फवारणाऱ्या छिद्रांच्या भागापासून, सुरुवात करा. १.५ मिलिमीटरच्या एका छिद्रातून १० बारच्या फरकाने पाणी सोडले, तर सूत्राप्रमाणे सेकंदाला सुमारे ७९ ग्रॅम जायला हवे. प्रत्यक्षात छिद्राच्या कडेच्या घडणीनुसार ५५ ग्रॅमच्या आसपास मिळू शकेल. १० सेकंद पाणी बादलीत धरून तोलले की प्रत्यक्ष आणि सूत्राचा प्रवाह यांचे गुणोत्तर, म्हणजे छिद्राचा गुणांक, हाती येतो. छिद्राची कड घासून गोल केली की आकडा बदलतो, आणि तुम्ही केलेली सहा छिद्रे एकसारखी आहेत का हेही त्याच बादलीत कळते.

त्यानंतर व्हॉल्व्हला हुकूम गेल्यापासून पाण्याचा दाब चढेपर्यंत किती मिलिसेकंद लागतात ते मोजा, थंड सकाळी आणि तापलेल्या दुपारी वेगवेगळे. चाचणी चालू असताना एकेक तार मुद्दाम काढा, वीज घालवा, हवेचा दाब उतरवा, आणि प्रत्येक वेळी कोणता व्हॉल्व्ह कुठे गेला ते लिहा. चित्रीकरणाच्या चौकटीत एक एलईडी ठेवा आणि तो इग्नायटरच्याच संकेताने पेटवा, म्हणजे चित्रफीत आणि आलेख यांची वेळ नंतर जुळवता येईल. परवाना असलेल्या एखाद्या संस्थेकडे संयुक्त चाचणीसाठी अर्ज कराल तेव्हा इंजिनाच्या चित्रांआधी या नोंदी जोडा. त्यांची पहिली विचारणा तार तुटल्यावर काय झाले याचीच असेल.